बाईंचा कप आणि पाहुण्यांच्या बशा

मंडळी, आज थोडे कडक लिहिणार आहे. ज्यांच्या घरी जाऊन मी बशा उलट्या करून पाहिल्या आहेत त्यांपैकी काहीजण हे वाचतात. त्यांनी रागावले तरी चालेल.

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या घरांतून जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचे वेड शिरले आहे. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत ते आहेच, पण आता आमच्या डोंबिवलीतही आहे. सागवानी जेवणाचे टेबल घेतले की त्याच्यामागे काचेचे कपाट येते, कपाटात दिवा येतो, आणि दिव्याखाली ठेवायला काहीतरी लागतेच. मग चोरबाजारात फेरी होते, नाहीतर कोणाच्या तरी ओळखीने 'पारशाच्या घरातली' म्हणून एक बशी येते. 'अँटिक आहे हं!' असे दबक्या आवाजात सांगतात, जशी काही बशी ऐकते आहे.

मला बोलावणे येते त्याला दोन कारणे. एक म्हणजे मी शाळेत बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे जुन्या वस्तूंतले मला कळते असा समज आहे. दुसरे कारण जास्त खरे. आमच्या घरी निळ्या-पांढऱ्या जुन्या चिनी बशा आहेत आणि त्या रोज वापरात आहेत. माझे वडील फोर्टात एका पारशी पेढीत कारकून होते. पेढी बंद झाली तेव्हा शेठच्या घरचे सामान निघाले, त्यातल्या आठ बशा आणि एक रंगीत वाडगा वडिलांच्या वाट्याला आला. कल्याणहून त्या माझ्याबरोबर डोंबिवलीला आल्या.

बोलावणारे मला तीन प्रश्न विचारतात. खरी आहे का? किती जुनी? किती किमतीची? ह्यात काय वाढायचे आणि कोणाला, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. बशी ही वाढण्यासाठी केलेली वस्तू. तेव्हा ती निवडताना हाच प्रश्न पहिला असायला हवा, आणि आपल्याकडे नेमका तोच टाळला जातो, असे माझे म्हणणे आहे. का टाळला जातो तेही सांगते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चिनी भांडे आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. संजाण आज गुजरातेत आहे, पण १९६० पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. तिथे २००२ ते २००४ ह्या काळात उत्खनन झाले, त्यात इराण-इराककडच्या भांड्यांबरोबर चिनी भांड्यांची खापरे निघाली. चौल-रेवदंड्याच्या परिसरात अशी खापरे मिळतात. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चच्या उत्खननात मिंग काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे मिळाले. विजापूरला गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात चिनी भांडी ठेवलेली आहेत, जाल तेव्हा जरूर बघा. दरबारांतून शेवाळी रंगाच्या चिनी ताटांना फार मान असे. विष घातलेले अन्न वाढले की ते ताट तडकते, अशी समजूत होती. म्हणजे हौस नव्हे, जिवाची भीतीही त्या ताटात असे.

पुढे आले मुंबईचे पारशी व्यापारी. जमशेटजी जीजीभाईंनी पाच वेळा चीनची सफर केली. जाताना जहाजात कापूस आणि माळव्याची अफू, येताना चहा, रेशीम आणि ही भांडी. आपण ज्या गुलाबी-हिरव्या फुलांच्या, सोनेरी कडेच्या बशांपुढे 'किती नाजूक!' म्हणून उभे राहतो त्यांतल्या कितीतरी ह्याच वाटेने मुंबईत उतरल्या. अफूच्या पायी १८३९ मध्ये युद्ध झाले, चीनची दुर्दशा झाली. बशीवरच्या चित्रात मात्र बायका बागेत बसून वारा घेत असतात. ('मग घरात ठेवू नये का?' असे एका बाईंनी मला विचारले. ठेवावी. पण पाहुण्यांना नुसते 'अँटिक' सांगण्यापेक्षा हेही सांगावे.)

घ्यायचीच असेल तर आधी पाहायला शिका. लोकलने सीएसएमटीला उतरा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटांचा संग्रह तिथे आहे, त्यात चिनी-जपानी वस्तू आहेत. दोन-तीन वेळा जाऊन नुसते उभे राहिले तरी डोळा तयार होतो. खऱ्या चिनी मातीच्या पांढऱ्यात किंचित निळसर झाक असते, हात स्थिर असलेल्या माणसाने काढलेली रेघ कशी दिसते, हे पुस्तकातून कळत नाही. जिंगदेझेन ह्या गावी शेकडो वर्षे हे काम चालले. त्या भागातल्या गाओलिंग नावाच्या डोंगराची पांढरी माती वापरत, त्यावरूनच 'केओलिन' हा शब्द आला. भट्टी तेराशे अंशांच्या आसपास. युरोपला हे गुपित कळायला १७१० च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली.

आता बाजारात काय मिळते ते बघा. दहा जणांनी 'चिनी' म्हणून दाखवलेल्या दहा बशांतल्या सात-आठ चिनी नसतात, हा माझा अनुभव. पूल, विलो झाड आणि उडणारे दोन पक्षी असलेली निळी बशी चिनी वाटते ना? ती नक्षी इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी नक्षीवरून बेतली. त्या दोन प्रेमिकांची हृदयद्रावक गोष्टही तिकडेच नंतर रचली गेली! काही बशांखाली हॉलंडमधल्या मास्त्रिख्तचा छाप निघतो, काहींखाली जपानचा. आपल्या लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या, ज्यांना आपण पिढ्यानपिढ्या 'चिनी मातीच्या' म्हणत आलो, त्या बहुतेक सौराष्ट्रातल्या, थानगड-मोरबीकडच्या. तिथली परशुराम पॉटरी तर गणपुले नावाच्या मराठी माणसाने उभी केलेली. ह्यात कमीपणा काहीच नाही. उलट लोणचे त्या बरणीत जसे मुरते तसे काचेच्या बाटलीत मुरत नाही. पण मिंग म्हणून मास्त्रिख्त घेऊ नका, एवढेच.

आणि शिक्का पाहून तर अजिबात घेऊ नका. बुडाशी सहा चिनी अक्षरे असली की विक्रेता राजाचे नाव सांगतो. चेंगहुआ हा सम्राट १४६५ ते १४८७ ह्या काळातला. त्याच्या नावाचा शिक्का दोनशे वर्षांनंतरच्या कारागिरांनी राजरोस आपल्या भांड्यांवर घातला, आणि तो फसवण्यासाठीच होता असेही नाही. पूर्वजांविषयीचा आदर म्हणूनही घालत. आज घालतात तो मात्र फसवण्यासाठीच. आमच्या शेजारच्या उल्हासनगरावरचा 'मेड इन यूएसए' हा जुना विनोद ज्यांना ठाऊक आहे त्यांना शिक्क्यांबद्दल जास्त सांगायला नको. इंग्रजीत नुसते 'चायना' लिहिलेले असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने त्या वर्षापासून आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. पण तो नियम अमेरिकेचा. शिक्का नाही म्हणजे जुनी, असे उलटे गणित मांडू नका.

मडके वाजवून घ्यावे असे आपण म्हणतो, तसेच इथे करा. बशी तळहातावर तोलून बोटाने टिचकी मारा. निकोप असेल तर घुमते, तडा असेल तर थप्प असा आवाज येतो. दिव्यासमोर धरा, मागे बोटे हलवली तर खऱ्या पातळ चिनी मातीतून सावली दिसते. कडेवर नख फिरवा, टवका डोळ्यांपेक्षा नखाला आधी सापडतो. बुडाची कडी बघा. शे-दीडशे वर्षे टेबलावर सरकलेल्या बशीच्या कडीवर वेड्यावाकड्या बारीक चरांचे जाळे असते. चर जर सगळे एकाच दिशेने असतील तर ते कोणीतरी गेल्या महिन्यात पॉलिश पेपरने घासलेले आहेत. पूर्वी फुटलेली बशी धातूचे टाके घालून सांधत. अशी बशी भिंतीवर सुरेख दिसते, पण आमटी त्या सांध्यात शिरते. ती जेवायला घेऊ नका.

जेवायला कोणती घ्यावी? इथे मी जरा हट्टी आहे. रंग झिलईखाली आहे की झिलईवर, हे सगळ्यांत महत्त्वाचे. निळे-पांढरे भांडे असते त्यात कोबाल्टचा निळा आधी रंगवतात, वर झिलई देऊन मग भट्टीत घालतात, त्यामुळे रंग काचेसारख्या थराखाली बंद होतो. बोट फिरवले तर सगळीकडे सारखे गुळगुळीत लागते. गुलाबी, हिरवे, पिवळे असे अनेक रंग असतात ते झिलईवर लावून पुन्हा कमी आचेवर भाजलेले असतात. बोटाला किंचित उंच लागतात. त्या रंगांत शिसे असते. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो ह्यांच्या आंबटपणाने ते सुटू शकते. तेव्हा रंगीत वाडग्यात कोशिंबीर कालवणे, सोलकढी ठेवणे बंद. आमचा रंगीत वाडगा चिवड्याला नाहीतर आक्रोडासारख्या कोरड्या जिन्नसाला. शिसे तपासायच्या पट्ट्या मिळतात, पण त्यांवर जीव टांगू नये. सोनेरी कड असेल ते मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. कडकडीत आमटी एकदम थंड वाडग्यात ओतू नका, आधी कोमट पाण्याने वाडगा फिरवून घ्या.

आणि आपले जेवण ध्यानात घेऊन आकार निवडा. चिनी उथळ बशीत वरण पळते, भात एकटा राहतो. वरणभाताला खोलगट सूपची बशी उत्तम. पुरणपोळीला पसरट मोठी बशी लागते, नाहीतर पोळीची कड बाहेर लोंबते आणि तूप टेबलावर. थालीपीठ, कोथिंबीरवडी, उपासाची खिचडी ह्यांना निळी-पांढरी बशी इतकी शोभते की ती भांडी आपल्यासाठीच रंगवली असे वाटावे. सगळा सेट एकसारखा पाहिजे असा हट्टही नको. तीन वेगवेगळ्या घरांतल्या सहा निळ्या बशा एका टेबलावर छान नांदतात.

एक कायद्याचे. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे बंधन आहे. न्यू जर्सीतल्या सुनेला पाठवायची म्हणून घेणार असाल तर आधी विचार करा. आणि २०२० मध्ये गलवाननंतर चिनी मालावर बहिष्कार घाला म्हणून मला रोज निरोप पाठवणारे एक गृहस्थ आता आपल्या चिंग काळातल्या फुलदाणीचे फोटो पाठवतात. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कोणाला वाढायचे?

चिनी माती आपल्या घरात शिरली ती मागच्या दाराने. पितळ-तांब्याचे भांडे राखेने घासले, निखारा फिरवला की शुद्ध. मातीचे मडके एकदा विटाळले की फेकायचे. मग ही चकचकीत चिनी माती कशात धरायची? सोवळ्याच्या घरांनी तिला मातीत धरले आणि स्वयंपाकघराबाहेर ठेवले. कल्याणला पारनाक्याजवळ आमचे घर होते. ओसरीवरच्या कोनाड्यात निळ्या काठाच्या दोन कपबशा पालथ्या घातलेल्या असत. त्या 'बाहेरच्यां'च्या. माणूस कप उतरवून घेई, आजी वरून चहा ओती, पिऊन झाले की तो माणूस स्वतः कप विसळून पुन्हा पालथा घाली. हे मी १९५०च्या दशकाचे सांगते आहे, पेशवाईचे नव्हे. घटना लागू झालेली होती. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला त्यात उपाहारगृहातली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला गेला. भांडी हा शब्द कायद्यात यावा लागला! कायदा हॉटेलच्या कपापर्यंत पोचला. ओसरीवरच्या कोनाड्यापर्यंत कोणता कायदा पोचणार?

चहाच्या कपावरून महाराष्ट्रात किती महाभारत झाले ते आठवते का? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, व्याख्यानाच्या निमित्ताने प्रतिष्ठित मंडळी जमवली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतला, कोणी नुसता हातात धरला, आणि मग गोपाळरावांनी सगळ्यांची नावे छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले, रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचेच अनुयायी हळहळले. ती सगळी मोठी माणसे. अडकली एका कपात.

तुम्ही म्हणाल, बाई, हे जुने झाले. ठीक. मग आपण सगळे आपापल्या स्वयंपाकघरात जाऊ या. ओट्याखाली, नाहीतर खिडकीच्या जाळीत, नाहीतर फ्रीजच्या बाजूला पाहा. तिथे एक कप आहे. कान तुटलेला, नाहीतर कडेला टवका गेलेला, नाहीतर कुठल्याशा सेटमधला उरलेला एकटा. तो बाईंचा कप. पलीकडे हॉलमध्ये दिव्याखाली अँटिक बशी आहे, तिला बाईंनी हात लावायचा नाही. एका घरात दोन चिनी मातीच्या वस्तू वेगळ्या काढलेल्या आहेत, एक पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणि दुसरी पाहुण्यांना दिसू नये म्हणून. ज्या घरांत मी बशी तपासायला जाते तिथे पाणी प्यायला म्हणून मी आत जाते आणि हा कप शोधते. बहुतेक सापडतो.

(शाळेत मुले मला 'बाई' म्हणत. घरकामाला येतात त्यांनाही आपण बाईच म्हणतो. ह्या बाईला काचेच्या कपाटातल्या कपात चहा, त्या बाईला ओट्याखालच्या.)

ह्यावर मिळणारी उत्तरे मला पाठ आहेत. पहिले, 'हायजीन'. ज्या हातांनी तुमच्या घरातली यच्चयावत भांडी घासली जातात, ज्या ताटांत तुमची नातवंडे जेवतात ती ताटे ज्या हातांनी धुतली जातात, त्या हातांच्या बाईचे ओठ लागलेला कप साबणाने स्वच्छ होत नाही? मग तो साबण बदला. करोनाच्या काळात प्रत्येकाचा कप वेगळा होता हे मान्य, पण तेव्हा नवऱ्याचाही वेगळा होता. आता त्याचा परत सेटमध्ये गेला, बाईंचा गेला नाही.

दुसरे उत्तर, 'आमच्यात तसले काही नाही हो, तीच म्हणते मला माझा कप द्या.' म्हणेलच. पन्नास घरे पाहिलेली बाई आहे ती. चांगला कप पुढे केला की घरमालकिणीची नजर कुठे जाते हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळते.

तिसरे, शाकाहारी आणि सोवळ्याचा अभिमान असलेल्या घरांतले. त्यांना मी हळूच विचारते, तुमच्या सेटखाली 'बोन चायना' लिहिले आहे ते वाचलेत का? अस्सल बोन चायनाच्या मातीत निम्म्याच्या आसपास गुरांच्या हाडांची राख असते. ही इंग्रजांची युक्ती. जुन्या चिनी भांड्यांत हाडे नसतात. हाडांच्या कपातून देवापुढच्या नैवेद्यानंतरचा चहा चालतो, आणि माणसाचा कप मात्र वेगळा! एका घरी हे सांगितल्यावर सेट तातडीने कोणाला तरी देऊन टाकला. कोणाला दिला असेल? बाईंना.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नोकरीत चांगल्या हुद्द्यावर आहे. तिची आई आमच्या भागात पाच घरी काम करायची. मुलगी एकदा मला सहज म्हणाली, 'बाई, आई घरी आली की घरांची नावे सांगत नसे. आज कान तुटलेल्यांकडे उशीर झाला, पिवळ्या पेल्यांकडे पाहुणे होते, असेच बोलायची. आम्हाला आडनावे कळली ती खूप नंतर.' तिने हे हसत सांगितले. पाचही घरे माझ्या परिचयाची. त्या घरांतून गणपतीला आरास होते, मुलांना संस्कारवर्गाला घालतात, आंबेडकरांवरचे भाषण पाठ करून घेतात.

म्हणून मला बशी दाखवायला बोलावणाऱ्यांना मी आता एकच माप सांगते. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना ज्यात पोहे देताना तुमचा हात अडखळणार नाही, तेवढ्याच किमतीची बशी घ्या. हजाराची असो, दहा हजारांची असो. त्यापुढची बशी तुमच्या ऐपतीबाहेरची आहे, बँकेत कितीही पैसे असले तरी. ती संग्रहालयात बघा. सहा कपांचा सेट घेतलात आणि घरात माणसे चार, तर पाचवा कप कोणाचा ते ठरलेले आहे, सहावा अचानक येणाऱ्याचा. सेटमधला एक फुटला तर उरलेला 'एकटा' कप बाईंकडे लावायचा नाही, तो तुम्ही घ्या. कान तुटलेला टाकून द्या, त्यात कोथिंबीर लावा, पण त्यात चहा ओतू नका.

'आणि फुटली तर?' हा शेवटचा प्रश्न, तो खरा प्रश्न. महागाची बशी बाईंच्या हातून फुटली तर काय करायचे, ही भीती मी समजू शकते. फुटते. चिनी माती फुटायचीच, राजवाड्यांतली फुटली म्हणून तर उत्खननात खापरे सापडतात. जपायचे असेल तर सिंकमध्ये खाली जुना टॉवेल घाला, बशांवर बशा रचताना मध्ये कापड घाला, तारेची घासणी लावू नका, स्पंज लावा. हे बाईंना नीट समजावून सांगितले तर त्या आपल्या मुलांपेक्षा जास्त सांभाळतात. पण पगारातून कापायचे नाही. काही घरांत कापतात, मला माहीत आहे. पोराने टीव्ही फोडला तर त्याच्या खाऊतून कापता का?

आमच्या आठ बशांतल्या आता सहा आहेत. एक नातवाने सुट्टीत आला असताना पाडली, एक आमच्याकडे पंधरा वर्षे येणाऱ्या बाईंच्या हातून निसटली. नातवाला कोणी काही बोलले नाही, त्यांनाही नाही. त्याच दोन दिवस गप्प होत्या. दोन्ही बशांचे तुकडे मी गॅलरीतल्या कुंड्यांच्या बुडाशी भोकावर घातले, पाण्याचा निचरा चांगला होतो. आज चतुर्थी. साबुदाण्याची खिचडी केली आहे, तीन बशा काढल्या आहेत. एक यजमानांची, एक माझी, एक त्यांची. त्यांना दाण्याचे कूट जास्त आवडते.